चढाला मान टाकणारी पिकअप

गाडी चढाला ओढत नाही, अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की पहिला प्रश्न बहुधा येतो, 'किती किलोमीटर झाली?' दुसरा येतो, 'शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांतून बिघाड सापडत नाही. 'चढावर धूर कसला मारते?' असं विचारणारा मिस्त्री भेटला, तर निम्मं काम झालं म्हणून समजावं. रत्नागिरी तालुक्यातल्या एका पिकअपवाल्याला असा मिस्त्री भेटला, पण खिसा बराच हलका झाल्यावर.

त्याचा धंदा साधा. उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या, एरवी काजू, नारळ, कधी कुणाच्या घरबदलाचं सामान. वाटही ठरलेली: हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट चढून मलकापूरमार्गे कोल्हापूरचं मार्केट यार्ड. गाडी बीएस-४ मधली, कॉमन रेल डिझेल, टर्बोवाली. कंपनीचं नाव इथे मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे घडलं ते कुठल्याही कंपनीच्या पिकअपमध्ये घडतं आणि तपासण्याची रीतही सारखीच.

"साखरप्यापर्यंत गाडी एकदम टकाटक, ओ," तो सांगतो. "घाट लागला की तिसऱ्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं पयल्यात. मागे ट्रकवाले हॉर्न मारतायत, मी ॲक्सिलेटर पार तळाला दाबलाय, आणि गाडी नुसती भुंकतेय. वर चढत नाय."

आधी त्याने डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. हे बरोबरच केलं. खर्च थोडा आणि ती दोन्ही कामं तशीही वेळेवर व्हायलाच हवीत. फरक पडला नाही. मग एका गॅरेजने नोजलवर बोट ठेवलं. नोजल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे गेले, धुतले, मशीनवर तपासले, परत बसले. घाट तसाच. मग दुसऱ्या गॅरेजने टर्बो गेल्याचं निदान केलं आणि पंचवीस हजारांच्या पुढचा आकडा कागदावर लिहून दिला. प्रत्येक कामानंतर रिकामी गाडी हमरस्त्यावर एक चक्कर मारून यायची, मिस्त्री 'बघा आता कशी पळते' म्हणायचा आणि चावी हातात ठेवायचा. गाडी पळायचीच. तिला सपाट रस्त्यावर पळता येत नाही अशी तक्रार कधी नव्हतीच.

घोळ इथेच होतो, आणि त्यामागे साधं गणित आहे. मालासकट तीन टनांची पिकअप सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने नेण्यासाठी चाकांना लागते जेमतेम आठ-नऊ अश्वशक्ती. तोच वेग १५ मीटरला एक मीटर अशा चढावर टिकवायचा तर ३७-३८ अश्वशक्ती लागते, म्हणजे चौपटीहून जास्त. अशा पिकअपचं इंजिन साधारण ७५ अश्वशक्तीचं असतं. त्यातली निम्मी ताकद हरवली तरी सपाटीवर चालकाला पत्ता लागणार नाही. घाटात मात्र दुसऱ्याच वळणावर लागेल. म्हणून रिकाम्या गाडीची सपाट चक्कर ही चाचणी नव्हेच.

घाटाच्या चढाची किंमत रेल्वेने केव्हाच ओळखलेली आहे. बोरघाटात रुळांचा चढ ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आतला, तरी कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. कसारा-इगतपुरीतही चढ तेवढाच आणि व्यवस्थाही तीच. आपल्या डोंगरी रस्त्यांवर तर पाच-सहा टक्के चढ हा नेहमीचा, आणि अवघड जागी सात-आठ टक्केही. पिकअपला मागून ढकलणारं कोणी नसतं; जे काही आहे ते बॉनेटखालीच.

आता, 'घाटावर हवा विरळ असते, म्हणून गाडी ओढत नाही' हे उत्तरही काही ठिकाणी ऐकायला मिळतं. घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर, हवा फार तर सहा-सात टक्के विरळ होते. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, बारा टक्क्यांच्या आसपास. टर्बो असलेलं धडधाकट इंजिन ही तूट बहुतांशी स्वतःच भरून काढतं. विरळ हवेचं कारण देणाऱ्याला एवढंच विचारावं, की मग मागून येणारी तशीच भरलेली दुसरी पिकअप आपल्याला ओलांडून कशी गेली?

टर्बोचे पैसे देण्यापूर्वी त्याने पालीच्या बाजूच्या एका वयस्क मिस्त्रीला गाठलं. त्या माणसाने बॉनेट उघडलंच नाही. आधी गाडी भरून आणायला सांगितली, मग शेजारी बसला आणि म्हणाला, चल साखरप्याच्या पुढे. चढ लागल्यावर त्याने काच खाली केली, डोकं थोडं बाहेर काढलं आणि आरशातून मागे बघत राहिला. काळा धूर. रेस दिली की कुठूनतरी 'सुस्स' असा बारीक आवाज, आणि पाय उचलला की आवाज बंद. नेहमीची टर्बोची शिट्टी मात्र शाबूत. एवढ्यावर त्याने गाडी वळवायला सांगितली.

काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा अपुरी. मग हवेची वाट शोधायची: एअर फिल्टरपासून टर्बो, टर्बोपासून इंटरकूलर, इंटरकूलरपासून इंजिन. या वाटेवर रबराचे जाड होस असतात. टर्बो दाबून पाठवलेली हवा त्यांतून जाते. गाडी न्यूट्रलमध्ये गुरगुरत उभी असते तेव्हा त्या होसमध्ये दाब जवळपास नसतो, त्यामुळे गॅरेजात कितीही वेळ कान लावून बसलं तरी गळती ऐकू येत नाही. लोड आला, दाब चढला, की चीर उघडते. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो, त्यांत आणखी गंमत. सेन्सरने हवा मोजली, कॉम्प्युटरने तेवढ्या हवेचं डिझेल सोडलं, आणि मधल्या वाटेवर हवा निसटून गेली. उरलेलं डिझेल काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर.

त्या पिकअपचा इंटरकूलरकडून येणारा होस वरून बघितला तर नवाकोरा वाटत होता. मिस्त्रीने हात खाली घालून त्याचं पोट चाचपलं. बोटांना तेलकट, तांबडी माती चिकटून आली. बाकी सगळा होस कोरडा आणि तेवढाच भाग ओला. टर्बोतून येणाऱ्या हवेत ऑइलचा बारीक अंश असतो. तो चिरेतून बाहेर झिरपतो आणि त्यावर कोकणातली धूळ बसते. होस काढून, उलटा धरून, अंगठ्याने वाकवला तशी बोटभर लांबीची चीर हसल्यासारखी उघडली. सोडल्यावर पुन्हा मिटली. नोजलच्या बिलापुढे या होसची किंमत काहीच नव्हती.

चीर दिसत नसेल तर साबणाचं पाणी. टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून त्यातून हवा भरायची आणि होस, क्लिपा, इंटरकूलरचे सांधे यांवर साबणाचं पाणी टाकायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. हवा १५ पौंडांच्या वर भरू नये. टायरसारखी तीस-पस्तीस भरली तर चांगले सांधेही सुटतील. होसच्या आतलं अस्तर सुटून आतल्या आत वाट बंद होण्याचाही एक प्रकार असतो. तो बाहेरून कधीच कळत नाही, म्हणून शंका असेल तर होस काढून आत टॉर्च मारावा.

धूर एवढं सांगतो, म्हणून त्याच्याविषयी थोडं जास्त. काळ्या धुराची कारणं होसपुरती थांबत नाहीत. एअर फिल्टर तुंबला तरी काळा. ईजीआरचा व्हॉल्व्ह काजळीने अडकून उघडाच राहिला, तर जळालेला वायू पुन्हा इंजिनात शिरतो, ताज्या हवेची जागा खातो, आणि धूर पुन्हा काळाच. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या ॲक्च्युएटरची बारीक रबरी नळी तडकली, तरी काही गाड्यांत तेच. ही नळी पेन्सिलएवढी असते आणि तिच्यापायी पूर्ण टर्बो बदलले गेल्याची उदाहरणं गॅरेजवाले स्वतःच सांगतात. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. तिथे टर्बोची सील किंवा इंजिनाच्या रिंगांकडे बघावं लागेल. पांढऱ्या धुरात दोन शक्यता: न जळालेलं डिझेल, नाहीतर कूलंट. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि धूर पांढरा असेल, तर घाट चढायचा हट्ट सोडून गाडी बाजूला घ्यावी.

आणि धूर काहीच नसेल, आवाजही नेहमीचा, तरी गाडी ओढत नसेल, तर डिझेलच पोचत नाही किंवा कॉम्प्युटरने हात आखडता घेतलाय. यातलं डिझेलचं प्रकरण त्याच पिकअपवाल्याच्या वाट्याला लगेच आलं. एका गाडीत एका वेळी एकच बिघाड असतो, असा काही नियम नाही.

नवा होस बसला आणि काळा धूर गेला. साखरप्यापासूनची पहिली वळणं गाडी तिसऱ्यात चढली. घाटाच्या मध्यावर मात्र ती पुन्हा मंदावली, आणि या वेळी आरशात धूर नव्हता. बाजूला घेऊन, पाणी पिऊन, पाच-दहा मिनिटांनी निघालं की थोडं अंतर छान जायची, मग पुन्हा मंद. मिस्त्रीने फोनवर दोन गोष्टी करून बघायला सांगितल्या. नुसती चावी बंद करून लगेच चालू केली तर फरक पडतो का? नाही. डिझेलच्या टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्यासारखा आवाज येतो का? नाही.

हे दोन प्रश्न प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करून ठेवावेत. चावी बंद-चालू केल्याबरोबर गाडी सुधारत असेल, तर कॉम्प्युटरने एखाद्या सेन्सरच्या तक्रारीवरून ताकद मुद्दाम कमी केलेली असते. चावीने ती तक्रार तात्पुरती पुसली जाते. झाकण उघडल्यावर 'हुस्स' होऊन गाडी सुधारत असेल, तर टाकीच्या श्वासाची वाट तुंबलेली आहे. डिझेल बाहेर जातं, हवा आत येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंपाला डिझेल ओढवत नाही. आणि चावीने नाही, झाकणानेही नाही, फक्त थोडा वेळ उभी राहिल्यावर सुधारत असेल, तर टाकीतल्या जाळीवर संशय घ्यावा. पंप ओढत असतो तोवर गाळ जाळीला चिकटून राहतो. इंजिन बंद झालं की गाळ खाली बसतो आणि पुढचे काही किलोमीटर वाट मोकळी.

खात्री करून घेण्यासाठी मिस्त्रीने आधी स्कॅनर जोडून चढावर रेल प्रेशर, म्हणजे नोजलना मिळणाऱ्या डिझेलचा दाब, बघितलं. कॉम्प्युटर मागत होता एक आणि मिळत होतं त्याहून बरंच कमी. चढ जितका लांबला तितकी ही तफावत वाढत गेली. उभ्या गाडीत कॉमन रेलमध्ये दाब अडीचशे-तीनशे बारच्या आसपास असतो, पूर्ण लोडवर तो हजार-दीड हजार बारपर्यंत जातो. पुरवठा अपुरा असला तरी उभ्या गाडीत आकडे ठीकच दिसतात, त्यामुळे हीसुद्धा चाचणी भरलेल्या गाडीवर, चढावर. नंतर त्याने टाकीची नळी बाजूला करून हौद्यात घट्ट बांधलेल्या डिझेलच्या कॅनमधून पुरवठा दिला. गाडी एका दमात वर गेली. म्हणजे पंप चांगला, नोजल चांगले, दोष टाकी आणि फिल्टरच्या दरम्यान. हा प्रयोग सरावलेल्या मिस्त्रीनेच करावा, कॅन केबिनमध्ये ठेवू नये आणि आसपास विडी-सिगारेट नको, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

टाकी उतरवून जाळी काढली तेव्हा तिच्यावर काळपट, बुळबुळीत थर होता, शेवाळासारखा. डिझेलमध्ये पाणी साचलं की जिथे पाणी आणि डिझेल भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, हा त्यांचाच चिखल. कोकणातली दमट हवा, आणि भाड्यापुरतंच डिझेल भरायच्या सवयीमुळे कायम अर्धी रिकामी टाकी. रात्री टाकीचा पत्रा गार झाला की आतल्या हवेतलं पाणी थेंबाथेंबाने खाली उतरतं. पावसाळ्यात निदान रात्री उभी करताना टाकी भरलेली ठेवावी, आणि डिझेल फिल्टरच्या तळाचा पाण्याचा नळ उघडून पाणी काढत जावं. डॅशबोर्डवर त्याचा दिवा असतो. तो लागल्यावरही 'उद्या बघू' म्हणणाऱ्यांची पुढची गाठ पंपवाल्याशी पडते.

कॉम्प्युटरने ताकद कमी केली असेल तर स्कॅनरवाचून पर्याय नाही. ब्लूटूथवर फोनला जोडला जाणारा छोटा स्कॅनर आता फार महाग राहिलेला नाही, आणि रोज घाट चढणाऱ्याने तो गाडीत ठेवायला हरकत नाही. फक्त त्यावर दिसणारा कोड म्हणजे निकाल नव्हे, हे लक्षात ठेवावं. पी ०२९९ आला की त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला. टर्बो खराब झाला असं तो म्हणत नाही. त्या पिकअपमध्ये हाच कोड होता, आणि त्याच्याच जोरावर टर्बोचा कागद लिहिला गेला होता. तसंच पी ००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. कारण पंप असेल, नोजल असेल, किंवा पन्नास पैशांच्या नळीतून शिरणारी हवा असेल. कोड दिसला की आधी त्याचा फोटो काढून ठेवावा. पुसून टाकला की पुरावा गेला.

त्याच स्कॅनरवर, चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत टर्बोचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने समुद्रकिनारी साधारण १०० किलोपास्कल दाखवायला हवेत, घाटमाथ्यावर ९३ च्या आसपास. उभ्या गाडीतच तो ७० किंवा १३० दाखवत असेल, तर सेन्सरच खोटं बोलतोय. बाकी काही उघडायच्या आधी तो आणि त्याची वायर बघावी.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना मात्र वरची धुराची परीक्षा पुरत नाही. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. हवा कमी पडून इंजिनात काळा धूर झाला तरी बाहेर काही दिसत नाही. ती काजळी फिल्टरमध्ये साठत जाते. फिल्टर भरला की कॉम्प्युटर ताकद कमी करतो. सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान नेऊन गाडी ही काजळी स्वतः जाळते, पण त्यासाठी तिला सलग धावावं लागतं. गावातल्या गावात, बाजार ते गोदाम अशा फेऱ्या मारणाऱ्या पिकअपला तशी संधी मिळत नाही. दिवा लागला की पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवावी, आणि काजळी जळत असताना सुक्या गवतावर उभी करू नये. काही ठिकाणी हा फिल्टर आणि ईजीआर 'काढून टाकतो, बघा कशी चढते' असा प्रस्ताव येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही. शिवाय फिल्टर भरण्याचं मूळ कारण, समजा तोच फुटका होस, जागच्या जागी राहतं. माझं स्पष्ट मत: असा सल्ला देणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नये.

इंजिनाचा काहीच दोष नसताना गाडी चढत नाही, असंही पुष्कळदा होतं. ॲक्सिलरेटरखाली जाड मॅट सरकून पॅडल पूर्ण दबतच नाही, हे ऐकायला हास्यास्पद वाटतं; तपासायला फुकट आहे. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतोय. ब्रेक जाम होऊन चाक धरत असेल तर थोडं अंतर ब्रेक न मारता चालवून चारही चाकांजवळ हात न्यावा, हबला लावू नये. एका चाकाची धग वेगळीच जाणवते. हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहणं हा तर किनारपट्टीवरचा नेहमीचा आजार आहे.

आणि वजन. आंब्याच्या धंद्यात पेट्या मोजतात, किलो कोणी मोजत नाही. एक फळ अडीचशे ग्रॅमचं धरलं तर पाच डझनांच्या पेटीत फळंच १५ किलो होतात. लाकूड, पेंढा वेगळा. शंभर पेट्या म्हणजे फळंच दीड टन, आणि खोक्यांसकट त्याहून बरंच जास्त. १३०० किलो क्षमतेच्या पिकअपला हे ओझं कागदावरच झेपत नाही. बिघाड शोधण्याआधी एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर घालावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कलम १९४ खाली २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याचाच. एवढ्या पैशांत चांगला होस, दोन्ही फिल्टर आणि वर्षाचं सर्व्हिसिंग सहज होतं.

घरच्या घरी हात घालणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कधीही करू नये. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेका नोजलचं नट सैल करायचं आणि कुठला सिलिंडर मेलाय ते ओळखायचं, अशी रीत होती. कॉमन रेलमध्ये ती जिवावर बेतू शकते. हजार बारच्या दाबाने सुटलेली डिझेलची धार दिसत नाही, पण कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर धुऊन, मलम लावून चालत नाही. लगेच मोठ्या रुग्णालयात जाऊन 'डिझेल दाबाने आत गेलंय' हे सांगावं लागतं. नोजल तपासायचेच असतील तर त्यांच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून कुठल्या नोजलचं डिझेल जास्त परत येतंय हे बघणारी चाचणी आहे, आणि ती नोजल न काढता होते. त्या पिकअपवाल्याचे नोजल काढण्याआधी कोणी ही केली असती तर एक बिल वाचलं असतं.

जाळी साफ झाल्यावर त्याची गाडी आंबा घाट तिसऱ्या गियरमध्ये चढते, जिथे वळण फारच आवळ आहे तिथे दुसऱ्यात. टर्बो मूळचाच आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर गॅरेजात शिरताना 'टर्बो बघा' किंवा 'नोजल बघा' असं म्हणू नका. धूर कसला, आवाज कुठे, किती वेळ चढल्यावर मंदावते, कशाने सुधारते, हे एका कागदावर लिहून न्या. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीला शेजारी बसवून भरलेल्या गाडीने एक चढ चढून या.